टेबलावरील भूमिकाखेळांतील युद्धप्रसंगी पाळीच्या क्रमात होणारे बदल : एक विश्लेषणात्मक अभ्यास

प्रस्तावना :

खेळाला नियमांनी आकार येतो आणि त्या नियमांतील अगदी आरंभीचा प्रश्न 'पाळी कोणाची' हा असतो. डच इतिहासकार योहान हायझिंगा यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात खेळाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत ठरलेली जागा, ठरलेला काळ आणि त्या मर्यादेत पाळली जाणारी सुव्यवस्था यांना महत्त्वाचे स्थान आहे. पत्त्यांच्या किंवा सोंगट्यांच्या खेळात ही सुव्यवस्था डोळ्यांना दिसते. खेळाडू ज्या क्रमाने बसले असतील त्याच क्रमाने पाळी फिरते. ती कोठेही लिहून ठेवावी लागत नाही. बैठक हीच तिची नोंद असते.

टेबलाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळांत मात्र ही सोय नाही. या खेळांत प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो आणि 'गेम मास्टर' म्हणजे सूत्रधार हा उर्वरित सर्व जगाची व शत्रूंची बाजू सांभाळतो. कथा चालू असताना कोण केव्हा बोलतो याचे बंधन सहसा नसते. परंतु युद्धप्रसंग उभा राहिला की प्रत्येकाची पाळी मोजून द्यावी लागते. हा क्रम बैठकीवरून न ठरता बहुधा फाशांच्या दानावरून ठरतो आणि पुष्कळदा युद्ध चालू असतानाच तो बदलतो. कोणी मुद्दाम थांबतो, कोणी विशिष्ट क्षणाची वाट पाहतो, कोणी मूर्च्छित पडतो, कोणी मध्येच येऊन दाखल होतो. अशा वेळी क्रमाचे काय करावयाचे, हा वरवर पाहता किरकोळ भासणारा प्रश्न नियमरचनाकारांना गेली कित्येक वर्षे सतावीत आला आहे. या खेळात खेळाडूच्या मालकीची खरी वस्तू एकच असते आणि ती म्हणजे त्याची पाळी. ती हुकली की तो कित्येक मिनिटे प्रेक्षक बनून बसतो, आणि प्रसंगी दीर्घकाळ जोपासलेले पात्र त्यात गमावतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन मुख्यतः 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांच्या आणि त्याला समांतर अशा काही खेळांच्या आधारे केले आहे.

पूर्वपीठिका :

भूमिकाखेळांचा उगम युद्धखेळांत आहे. प्रशियन सैन्यातील अधिकारी गेओर्ग फॉन राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये सिद्ध केलेल्या 'क्रीगस्पील' या खेळात एक फेरी म्हणजे प्रत्यक्षातील दोन मिनिटे असे मानले जाई. दोन्ही बाजू आपापले हुकूम पंचाकडे देत आणि पंच ते नकाशावर अमलात आणी. येथे पाळीचा क्रम जवळजवळ नव्हताच, कारण सर्व काही एकाच वेळी घडते असे गृहीत धरलेले होते. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या १९७१ मधील 'चेनमेल' या मध्ययुगीन युद्धखेळाच्या नियमांत दोन्ही पद्धतींची मुभा होती. एक बाजू आधी आणि दुसरी नंतर अशी आळीपाळीची पद्धत, किंवा दोघांनी हुकूम लिहून एकदमच चाली करण्याची पद्धत. याच परंपरेतून १९७४ मध्ये गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रकाशित झाला.

त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत या खेळात क्रम ठरविण्याच्या अनेक तऱ्हा होऊन गेल्या. एरिक होम्स यांनी संपादित केलेल्या १९७७ च्या प्राथमिक संचात ज्या पात्राची चपळाई अधिक त्याचा वार आधी, असा साधा नियम होता. टॉम मोल्डवे यांच्या १९८१ च्या संचात प्रत्येक बाजूने सहा पैलूंचा एकेक फासा टाकावा आणि ज्या बाजूचे दान मोठे तिने त्या फेरीत आधी खेळावे, असे ठरले. 'ॲडव्हान्स्ड' या नावाने निघालेल्या मालिकेतील १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथात एका मिनिटाच्या फेरीचे सहा-सहा सेकंदांचे दहा भाग पाडलेले होते. मंत्र म्हणण्यास लागणारे भाग मोजले जात आणि तेवढ्यात मांत्रिकाला वार लागला तर मंत्र वाया जाई. हा हिशेब इतका गुंतागुंतीचा होता की पुष्कळ मंडळी त्यातले झेपेल तेवढेच वापरीत. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत दहा पैलूंचा फासा आला. लहान अंक तो आधी, असा उलटा दंडक त्यात होता.

यांपैकी फाशांवरून क्रम ठरविणाऱ्या पद्धतींत एक गोष्ट समान आढळते. क्रम एका फेरीपुरता असे. फेरी संपली की फासे पुन्हा पडत आणि जुना क्रम विरून जाई. त्यामुळे युद्धाच्या मध्यावर क्रम 'बदलला' असे म्हणण्यास फारसा वावच नव्हता. बदल हाच नित्यक्रम होता. आज आपण मागे पडलो तरी पुढच्या फेरीत दान फिरेल, ही आशा प्रत्येकाला असे.

चक्राकार क्रम आणि त्यातून उद्भवलेला प्रश्न :

सन २००० मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तिसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. माँटी कुक, जोनाथन ट्वीट आणि स्किप विल्यम्स हे तिचे प्रमुख रचनाकार होते. तिच्यात 'इनिशिएटिव्ह' म्हणजे पुढाकार ठरविण्याची रीत अगदी सुटसुटीत झाली. युद्धाच्या आरंभी प्रत्येकाने वीस पैलूंचा फासा एकदाच टाकावयाचा, त्यात आपल्या चपळाईचा अधिकांश मिळवावयाचा आणि येणाऱ्या बेरजेच्या उतरत्या क्रमाने युद्ध संपेपर्यंत खेळावयाचे. दर फेरीला फासे टाकण्याचा वेळ वाचला आणि आपल्यानंतर कोण आहे हे प्रत्येकाला कळू लागले.

क्रम गोठविल्याबरोबर तो हलविण्याची गरज निर्माण झाली. एका साध्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. योद्ध्याचा अंक १८, मांत्रिकाचा १२ आणि शत्रूच्या टोळीचा ९ आहे असे समजू. मांत्रिकाजवळ आगीचा गोळा फेकण्याचा मंत्र आहे. तो आधी पडला आणि मग योद्धा आत घुसला तर दोघांचेही काम होते. परंतु क्रमानुसार योद्ध्याची पाळी आधी येते. तो आत घुसला तर मांत्रिकाला आपल्याच माणसावर आग टाकावी लागेल. तो न घुसता उभा राहिला तर त्याची पाळी फुकट जाईल. प्रत्यक्ष जगात असा योद्धा क्षणभर दम धरील आणि मांत्रिकाच्या मागोमाग धावेल. गोठविलेला क्रम त्याला तेवढाही दम धरू देत नाही. शिवाय दर फेरीला हेच दोघे याच क्रमाने येणार असल्याने ही अडचण एकदाची नसून युद्धभर टिकणारी आहे.

तिसऱ्या आवृत्तीने यावर दोन तोडगे दिले. पहिला पाळी लांबणीवर टाकण्याचा. योद्धा आपली पाळी आली असता 'मी थांबतो' असे म्हणून मांत्रिकानंतर, म्हणजे १२ या अंकालगत, खेळू शकतो. मात्र त्याचा अंक तेथेच कायम होतो; पुढच्या फेरीत तो १८ वर परत जात नाही. पुन्हा आपली पाळी येईपर्यंत तो थांबूनच राहिला तर ती फेरी त्याच्या हातची गेली. दुसरा तोडगा सज्ज राहण्याचा. 'मांत्रिकाने मंत्र म्हणण्यास आरंभ केला तर मी बाण सोडीन' असे आधीच जाहीर करून ठेवावयाचे. ती घटना घडू लागताच तिच्या अगदी आधी ही कृती होते आणि सज्ज राहणाऱ्याचा अंकही त्या घटनेच्या जागी सरकतो. पहिल्यात खेळाडू आपल्या सर्व कृती राखून ठेवतो, पण त्याला दुसऱ्याच्या पाळीत व्यत्यय आणता येत नाही. दुसऱ्यात व्यत्यय आणता येतो, पण कृती एकच मिळते आणि तीही आगाऊ सांगावी लागते.

२००० च्या पुस्तकात तिसरीही एक सोय होती. एक संपूर्ण फेरी काही न करता चित्त एकाग्र केल्यास पुढील फेरीपासून आपल्याला फाशावर २० पडले होते असे मानता येई. २००३ च्या सुधारित आवृत्तीतून ती वगळण्यात आली. तिचा फारसा कोणाला चटका लागला असेल असे वाटत नाही. एक पूर्ण पाळी देऊन नुसता अंक विकत घेणे हा सौदा सहसा तोट्याचाच असे.

दोन प्रतिस्पर्धी एकमेकांची वाट पाहत थांबले तर काय, या पेचाचाही विचार त्या नियमांत केलेला आहे. दोघांनाही दुसऱ्याच्या नंतरच खेळावयाचे असेल, तर ज्याचा पुढाकाराचा अधिकांश मोठा त्याची इच्छा मान्य होते. 'आधी आपण, आधी आपण' असे म्हणत दारातच उभ्या राहिलेल्या दोन सभ्य गृहस्थांचा प्रश्न नियमाने सोडवावा, तसाच हा प्रकार आहे.

परिणामांची मुदत : प्रश्नाचे मूळ :

क्रिकेटमध्ये कर्णधार फलंदाजीचा क्रम डाव चालू असतानाच बदलू शकतो आणि त्यासाठी त्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. पाचव्या क्रमांकावर कोण आला याच्याशी दुसरा कोणताही हिशेब बांधलेला नसल्याने ही मोकळीक देता येते. भूमिकाखेळातील पाळीची गोष्ट अगदी वेगळी आहे. ती घड्याळाचेही काम करते. विष दर पाळीच्या आरंभी अंगात भिनते, आशीर्वाद पुढील पाळीच्या शेवटी संपतो, शत्रूला आलेली भोवळ 'अमुक पाळीपर्यंत' टिकते. पाळी सरकली की हे सर्व काटेही सरकू लागतात. म्हणून पाळीचा क्रम बदलू द्यावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर मुदतीचे हिशेब कशाला टांगले आहेत यावर अवलंबून असते. नियमग्रंथांतून हा संबंध क्वचितच उघड करून सांगितला जातो. पण निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की तो लपून राहत नाही.

तिसऱ्या आवृत्तीत मुदत पात्राला न टांगता अंकाला टांगलेली होती. एखादा परिणाम १५ या अंकावर सुरू होऊन तीन फेऱ्या टिकणारा असेल, तर तो तीन फेऱ्यांनंतर १५ हा अंक येण्याच्या जरा आधी संपे. मग तो परिणाम घडविणारे पात्र आता कोठेही सरकलेले असो. माणसे हलत, घड्याळ हलत नसे. थांबण्याची मुभा त्या आवृत्तीला बिनधोक देता आली याचे श्रेय बहुतांशी या व्यवस्थेला द्यावे लागते. तिची किंमतही होती. ज्या अंकावर आता कोणीच खेळत नाही असे रिकामे अंकसुद्धा सूत्रधाराला लक्षात ठेवावे लागत, आणि जे लक्षात ठेवावे लागते ते रंगलेल्या खेळात विसरले जातेच.

२००८ मधील चौथ्या आवृत्तीने मुदती पात्रांच्या पाळ्यांना बांधल्या. 'तुझ्या पुढील पाळीच्या अखेरीपर्यंत' ही शब्दयोजना तिच्यात पानोपानी आढळते. खेळाडूला हे समजावयास सोपे गेले, पण थांबण्याचा नियम मात्र लांबला. पात्र थांबते त्या क्षणी पाळीच्या आरंभी होणारी इजा त्याला लगेच सोसावी लागे. पाळीच्या शेवटी संपणारे हितकारक परिणाम त्याच क्षणी संपत. आणि अपायकारक परिणाम मात्र ते पात्र परत येऊन आपली पाळी खेळेपर्यंत चालू राहत. थोडक्यात, पाळीचे दोन तुकडे करून देणे आधी वसूल करावयाचे आणि येणे नंतर द्यावयाचे, असा सावकारी बेत होता. तो न्याय्य होता यात शंका नाही. परंतु जेमतेम दोन शब्दांत सांगता येणारी 'मी थांबतो' ही गोष्ट अमलात आणताना परिच्छेदभर मजकूर वाचावा लागे.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने पाळीला बांधलेल्या मुदती ठेवल्या आणि थांबण्याचा पर्यायच काढून टाकला. सज्ज राहता येते. परंतु त्यासाठी आपल्या पाळीतील कृती आणि फेरीत एकदाच मिळणारी प्रतिक्रिया अशी दोन्ही खर्च होतात, ठरविलेली घटना पुरी झाल्यावरच ही प्रतिक्रिया घडते आणि पुढाकाराचा अंक जागचा हलत नाही. रचनाकारांनी नंतर नियमविषयक प्रश्नोत्तरांत जी कारणे दिली त्यांत मुदतींचा घोळ होऊ नये हे एक प्रमुख कारण होते. क्रम वारंवार बदलल्यास खेळ मंदावतो, हे दुसरे.

हे भय निराधार नव्हते. पाचव्या आवृत्तीतील 'मंक' या वर्गाच्या पात्राला आपल्या प्रहाराने शत्रूला सुन्न करता येते आणि २०१४ च्या नियमानुसार ती सुन्नता मंकच्या पुढील पाळीच्या अखेरीपर्यंत टिकते. मंकचा अंक १५ आणि महाकाय शत्रूचा १० आहे असे धरू. पहिल्या फेरीत १५ वर प्रहार झाला, १० वर शत्रूची पाळी बुडाली. दुसऱ्या फेरीत १५ वर मंकची पाळी संपताच सुन्नता सरते आणि १० वर शत्रू मोकळा होतो. आता मंकला थांबण्याची मुभा आहे आणि दुसरा कोणताही नियम केलेला नाही अशी कल्पना करावी. दुसऱ्या फेरीत मंक शत्रूच्या नंतर, ९ वर खेळण्याचे ठरवितो. त्याची 'पुढील पाळी' अद्याप आलेलीच नसल्याने १० वर शत्रू सुन्नच असतो आणि त्याची दुसरी पाळीही बुडते. मग ९ वर मंक सुन्न शत्रूवरच पुन्हा प्रहार करतो. तो लागू पडला तर तिसऱ्या फेरीतही तोच प्रकार. एका प्रहारात एक पाळी घेण्याची शक्ती केवळ थांबण्याने दुप्पट होते. ज्या सूत्रधाराने सौजन्यापोटी 'थांब की, काय बिघडले' म्हणून परवानगी दिली त्याच्या हे दोन फेऱ्यांनी ध्यानात येते, आणि मग दिलेली परवानगी काढून घेणे अवघड जाते.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. आरंभीच्या उदाहरणातील योद्ध्याचे पाचव्या आवृत्तीत काय होईल? तो आपल्या पाळीत शत्रूच्या थोडा अलीकडे येऊन उभा राहू शकतो आणि 'आग पडली की मी वार करीन' किंवा 'आग पडली की मी पुढे सरकेन' यांपैकी एकाची सज्जता ठेवू शकतो, दोन्हींची नाही. वाढत्या पातळीबरोबर त्याला मिळालेला जास्तीचा वारही त्याच्या स्वतःच्या पाळीपुरताच असल्यामुळे सज्जतेच्या वारात तो धरला जात नाही. मित्राशी संगनमत करून लढण्याची ही शिक्षाच म्हणावी लागेल. घड्याळ सुरक्षित राखण्यासाठी रचनाकारांनी सहकार्याची किंमत वाढविली. हा निर्णय समर्थनीय आहे, पण तो फुकटात पदरी पडलेला नाही. २०२४ च्या सुधारित नियमांत 'अलर्ट' हे कौशल्य घेतलेल्या पात्राला फासे पडल्याबरोबर एखाद्या राजी असलेल्या साथीदाराशी आपल्या अंकाची अदलाबदल करता येते. ही अदलाबदल पहिली पाळी सुरू होण्यापूर्वीच होत असल्याने कोणतीही मुदत तोवर चालू झालेली नसते, आणि अडचण जेथे उद्भवते तो टप्पाच त्यात टाळलेला आहे.

पैझो या प्रकाशन संस्थेच्या 'पाथफाइंडर' या खेळाच्या २०१९ मधील दुसऱ्या आवृत्तीने थांबण्याचा पर्याय राखला आणि चौथ्या आवृत्तीतील लांबलचक हिशेब एका तत्त्वात आणून बसविला. थांबतेवेळीच, पाळीत होणार असलेली सर्व इजा व अपाय तात्काळ भोगावयाचे आणि त्या पाळीत संपणार असलेले सर्व लाभ तात्काळ सोडावयाचे. वाईट टाळण्यासाठी किंवा चांगले लांबविण्यासाठी थांबता येणार नाही, हा त्यामागचा हेतू ग्रंथात स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. एखाद्या विशेष प्रसंगी आणखी काही संपवावे काय हे सूत्रधारावर सोपविले आहे. उपरोक्त मंकचा डाव या नियमापुढे चालत नाही. थांबण्याचा शब्द उच्चारताच शत्रूची सुन्नता उतरते.

क्रम मोकळा ठेवणाऱ्या रचना :

सर्वच खेळांनी क्रम गोठवून मग तो वितळविण्याचा मार्ग धरलेला नाही. शेन हेन्सली यांच्या 'सॅव्हेज वर्ल्ड्स' या २००३ मधील खेळात दर फेरीला प्रत्येकाला पत्ता वाटला जातो आणि एक्क्यापासून खाली या क्रमाने पाळ्या होतात. समान पत्ते आल्यास इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असा मान चालतो. जोकर आलेल्याला हवे तेव्हा खेळता येते, शिवाय फाशावर आणि इजेवर २ ची भर मिळते. ज्याला थांबावयाचे असेल तो पत्ता राखून थांबतो. येथे कायमचा अंक नसल्यामुळे क्रम बदलल्याचा कोणताही डाग पुढच्या फेरीवर राहत नाही. 'पुढील पाळीच्या अखेरीपर्यंत' असे परिणाम याही खेळात आहेत आणि पत्ता लवकर आला की ते लवकर सरतात, उशिरा आला की रेंगाळतात. मुदतीतील ही अनिश्चितता त्या खेळाने नशिबाचा भाग म्हणून स्वीकारलेली आहे.

'मार्व्हल हिरोइक रोलप्लेइंग' या २०१२ मधील खेळात ज्याची पाळी संपते त्याने पुढचा कोण हे नेमावयाचे असते. शेवटी खेळणारा पुढील फेरीचा आरंभ कोणी करावा ते ठरवितो आणि स्वतःलाही नेमू शकतो. नायकांनी आपसांतच पाळ्या वाटून घेऊन शत्रूंना शेवटी ठेवले, तर शत्रू फेरीच्या अखेरीस खेळतात आणि पुढील फेरीचा आरंभही स्वतःकडेच घेतात. म्हणजे लागोपाठ दोनदा मार बसतो. स्वार्थाला परस्पर लगाम घालणारी ही तरतूद कौतुकास्पद आहे. तिच्यात एक दोषही संभवतो. अबोल खेळाडूला नेमण्याचे इतरांना स्मरण राहत नाही आणि तो दर फेरीत मागे पडत जातो. फासा निदान कोणाच्या स्वभावाकडे पाहत नाही. 'एज ऑफ द एम्पायर' या स्टार वॉर्सवरील २०१३ च्या खेळाने मधला मार्ग काढला. तेथे फाशांवरून जागांचा क्रम ठरतो, पण त्या जागा 'नायकांची' किंवा 'इतरांची' एवढ्याच खुणेच्या असतात. नायकांच्या जागी कोणत्या नायकाने खेळावे हे दर फेरीला आपसांत ठरविता येते.

'शॅडोरन' या खेळाच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत अंकालाच चलनाचे रूप दिलेले आहे. एक आवर्तन संपले की प्रत्येकाच्या अंकातून १० वजा होतात आणि ज्याच्याजवळ काही शिल्लक उरते तो पुन्हा खेळतो. दुसऱ्याच्या पाळीत वार चुकवावयाचा असेल तर अंकातील ५, पूर्ण बचाव घ्यावयाचा असेल तर १० मोजून द्यावे लागतात. क्रमातील बदल येथे अपवाद न राहता रोजचा व्यवहार होतो. फक्त त्यासाठी दर वेळी वजाबाकी करणारा एक तत्पर हिशेबनीस लागतो.

नोंद ठेवण्याची साधने :

नियम कितीही नेमका असला तरी तो ज्या साधनावर उतरवायचा ते साधन अपुरे असेल तर निरुपयोगी ठरतो. कागदावर शाईने लिहिलेल्या यादीत एक नाव वर-खाली करावयाचे म्हणजे खाडाखोड आली. दोन-तीन बदलांनंतर यादी वाचता येत नाही आणि कोणाची तरी पाळी गाळली जाते. पाळी गाळली गेलेला खेळाडू भिडस्त असेल तर तो ते बोलूनही दाखवीत नाही. म्हणून अनुभवी सूत्रधार प्रत्येक पात्राच्या नावाचे एकेक कार्ड करतात आणि गड्डी फिरवीत राहतात. थांबलेल्याचे कार्ड आडवे करून बाहेर काढावयाचे आणि तो परत आला की त्या जागी सरकवावयाचे, एवढ्यात काम भागते. काही मंडळी सूत्रधाराच्या पुठ्ठ्याच्या आडपडद्यावर कपडे वाळत घालण्याचे चिमटे नावे लिहून लावतात. यात आणखी एक लाभ आहे. क्रम सर्वांना दिसतो आणि 'आता कोण' हे विचारण्याची गरज उरत नाही. संगणकावर खेळताना यादी अंकानुसार आपोआप लागते, त्यामुळे थांबलेल्याचा अंकच बदलावा लागतो. मूळ अंक काय होता याची खूण मात्र त्यात नाहीशी होते.

नंतर येऊन दाखल होणाऱ्यांबाबत फारसे मतभेद नाहीत. ज्या फेरीत ते येतात त्या वेळी त्यांचा फासा टाकावा आणि त्यांना योग्य जागी बसवावे, असे तिसऱ्या आवृत्तीपासून चालत आले आहे.

मूर्च्छित पात्राची पाळी :

क्रम सरकविण्याचा सर्वांत नाजूक प्रसंग पात्र मूर्च्छित होऊन पडते तेव्हाचा आहे. पाचव्या आवृत्तीत प्राणांक शून्यावर आलेले पात्र दर पाळीच्या आरंभी मृत्यूविरुद्ध फासा टाकते. तीनदा अपयश आले की मृत्यू. त्याची जागा क्रमात होती तेथेच राहते. शत्रूचा अंक १४ आणि पडलेल्या पात्राचा १३ असेल, तर वार बसल्याबरोबर, कोणीही साथीदार हालचाल करण्यापूर्वी त्याला पहिला फासा टाकावा लागतो, आणि त्यावर १ पडला तर एका दानात दोन अपयशे मोजली जातात. तेच पात्र १५ अंकाचे असते तर पहिला फासा टाकण्यापूर्वी सर्व साथीदारांना एकेक संधी मिळाली असती. दोन अंकांच्या फरकाचा शौर्याशी किंवा चुकीशी काहीही संबंध नाही. तो युद्धाच्या आरंभी पडलेल्या दानाचा अवशेष आहे.

'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीत पडलेल्या पात्राची जागा, ज्याच्या पाळीत ते पडले त्याच्या लगेच आधी सरकविली जाते. त्यामुळे त्याची पुढील पाळी येण्यापूर्वी एक संपूर्ण फेरी उलटते आणि प्रत्येक साथीदाराला धावून जाण्याचा, जखम बांधण्याचा किंवा मंत्र म्हणण्याचा एकेक अवसर मिळतो. हा बदल कोणी मागावा लागत नाही आणि त्यासाठी कोणाला काही मोजावे लागत नाही. सूत्रधाराने त्या पात्राचे कार्ड उचलून शत्रूच्या कार्डाच्या वर ठेवावयाचे असते.

पाचवी आवृत्ती खेळणाऱ्या एखाद्या सूत्रधाराने हाच संकेत आपल्या टेबलावर आणावयाचे ठरविल्यास त्यास दोन गोष्टी आधी सांगून ठेवाव्या लागतील. एक, पडलेले पात्र सावध झाले तर ते नव्या जागीच खेळेल, जुन्या जागी परतणार नाही. दोन, त्या पात्राच्या पुढील पाळीला बांधलेल्या मुदती जुन्या जागेवर मोजावयाच्या की नव्या. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जुन्या जागेच्या बाजूने देणे सोयीचे पडते, कारण त्या मुदती ज्या क्षणी सुरू झाल्या तेव्हा सर्वांनी जुनाच क्रम गृहीत धरून आपापल्या चाली केलेल्या असतात. त्यासाठी जुन्या जागी एक कोरे कार्ड ठेवावे आणि त्या मुदती संपल्या की ते काढून घ्यावे.